लाल दांडा

वैजूनं खोकं फोडलं ते माझ्याच लेथवर.
आत लाल दांडा, दोन टोकांना दोन पत्रे,
आणि झेप घेणाऱ्या वाघाचा स्टिकर.
"साडेअठराशे, मामा. बॉनेटखाली बसवायचा.
डावा शॉकअप उजव्याला बांधला जातोय,
वळणावर गाडी डुलत नाही म्हणे."
म्हणे, एवढं मात्र तो हळू बोलला.

उद्यमबागेत एकतीस वर्षं झाली मला.
लोखंड मी बघायच्या आधी वाजवतो.
पान्यानं टिचकी दिली:
रिकाम्या डब्यात चिल्लर पडावी तसा आवाज.
व्हर्नियर लावला. नळीची जाडी सव्वा मिलीमीटर.
टोकाला बिजागरी. बोल्ट आठचा, भोक पावणेनऊचं.
रंग तेवढा जाड. रंगात कसूर केली नव्हती कुणी.

"मर्दा, दोन भिंतींवर तुळई टाकायची
आणि तुळईला दोन्हीकडं दाराची बिजागरी लावायची,
असं घर बांधतंय काय कोण?"
"खरं दिसतोय झक्कास," तो म्हणाला.
ते काही मला खोडता आलं नाही.

शेजारच्या शेडमधनं बसलिंगप्पा आला, हातात चहा.
दांडा बोटावर तोलला, म्हणाला, "हगुर ऐती."
हलकं ते दोन्ही भाषांत हलकंच.

तरी बसवून दिला.
बहिणीचं पोर. वीस वर्षांची झेन,
दर मंगळवारी चोर्ला घाट उतरते
कुंद्याचे डबे घेऊन, साखळीच्या दुकानांना.

सोमवारी रात्री गाडी ऑइल बदलायला माझ्याकडं होती.
जॅकवर चढवली, बॅटरी घेऊन खाली सरकलो,
तर लोअर आर्मच्या बुशाचं रबर
जुन्या चपलेच्या टाचेसारखं फाटून लोंबत होतं.
डुलत होती ती इथं.
वर बांधून काय उपयोग, पाय निखळलेला खाली.
बंद होणाऱ्या दुकानातनं दोन बुश आणले,
अकरापर्यंत ठोकून, दाबून बसवले.
आणि मग लाल दांडाही काढून घेतला.
का काढला, ते अजून मला नीट सांगता येत नाही.
बॉनेट लावलं. हात धुतले.

पहाटे चारला वैजू गेला.
जांबोटी, कणकुंबी, पुढं ती वळणं,
जिथं धुक्यात समोरच्या ट्रकचे दिवे आधी दिसतात
आणि ट्रक मागनं येतो.

संध्याकाळी परत आला तो उड्या मारतच.
"मामा, आज कळलं! भरल्या गाडीनं वळण घेतलं,
अशी चिकटून गेली रस्त्याला.
दांडा तो दांडाच! इरफानलाबी एक मागवतो आता."
दांडा त्याच्या पायाजवळच होता,
टेबलाखाली, किसाच्या ढिगात.

मी लेथ बंद केली नाही.
आवाजात माणसाला विचार करता येतो.
मग म्हटलं, "इरफानला आधी माझ्याकडं पाठव.
बुश बघू. काय मागवायचं ते नंतर."
"बुश कशाला?" त्यानं विचारलं.
"बघू," मी म्हटलं.

आठ दिवस गेले.
शेडच्या मागच्या खिडकीचं झडप राहत नव्हतं,
त्याला मी दांड्याचा टेकू दिला.
झडपाचं वजन दोन किलो. तेवढं पेलतोय बिचारा,
वारा सुटला की बिजागरी कुरकुरते.

वैजू आला, खिडकीकडं बघितलं,
पुष्कळ वेळ बघितलं.
बाहेर जाऊन बॉनेट उघडलं, लावलं,
परत आत आला.
"बुशाचे किती झाले, मामा?"
"तीनशे ऐंशी."
चारशे ठेवले त्यानं लेथवर, वीस मागितले नाहीत.
जाता जाता खिडकीशी थांबला,
नखानं उकरून उकरून
वाघ तेवढा घेऊन गेला.